जुन्या जीपच्या टायरची नक्षी
बेळगाव-खानापूर भागात कुणी दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप मूळ रूपात उभी करत असेल, तर टायर घेताना आधी नक्षी बघा. जीपच्या टायरचं माप ६.००-१६ (रुंदी ६ इंच, रिम १६ इंच), नक्षी एनडीटी, म्हणजे नॉन-डिरेक्शनल ट्रेड, ठरावीक दिशा नसलेली: मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना उलटसुलट तिरके जाड ठोकळे, त्यामुळे पुढे-मागे सारखीच पकड. रेडियल टायर (आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे असलेला) तिला शोभतच नाही. मिशेलिन या फ्रेंच टायर कंपनीने त्याचं पेटंट घेतलं तेच १९४६ साली, युद्ध संपल्यावर. मात्र चोर्ला घाटातल्या ओल्या डांबरावर हे ठोकळे घसरतात, वेग आवरा. आणि नक्षी कितीही कोरी दिसली तरी रबर जुनं असू शकतं. बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचाच: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.