प्रोस्टेटच्या ऑपरेशनआधी टक्केवारी कशी वाचावी

बायोप्सीच्या (तुकडा काढून केलेल्या तपासणीच्या) रिपोर्टमध्ये प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला की घरात चर्चा सुरू होते: ऑपरेशन करायचं की शेक (रेडिएशन) द्यायचा? कुणी एक टक्केवारी सांगतं, कुणी दुसरी. आकडा खरा असला तरी तो कुणाच्या आजाराचा, हे आधी बघा.

कागदावर वय, पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी), ग्लीसन (सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सर किती आक्रमक दिसतो त्याचे गुण) आणि गाठ प्रोस्टेटच्या आत आहे की बाहेर, एवढं लिहून काढा. ग्लीसन ७ असेल तर ३+४ की ४+३ तेही लिहा. बेरीज तीच असली तरी ४+३ चा धोका वरचा. लघवीच्या त्रासासाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ६ महिन्यांहून जास्त घेत असाल तर पीएसए साधारण निम्मा दिसतो. हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. ग्लीसनबद्दल शंका असेल तर लॅबकडून बायोप्सीच्या तुकड्यांचे ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड मागून घ्या. त्या मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी पुन्हा वाचून घेता येतात.

आता अभ्यास. ब्रिटनमधल्या 'प्रोटेक्ट' या अभ्यासात ५० ते ६९ वयाच्या १,६४३ पुरुषांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं तीन गटांत वाटलं: लगेच उपचार न करता नुसती देखरेख, ऑपरेशन आणि शेक. १५ वर्षांनी प्रोस्टेट कॅन्सरनं गेलेले: देखरेखीत ३.१ टक्के, ऑपरेशननंतर २.२, शेक दिलेल्यांत २.९. म्हणजे जवळजवळ सारखेच. आजार पसरण्यात मात्र फरक पडला: देखरेखीत ९.४ टक्के, ऑपरेशननंतर ४.७, शेकानंतर ५. हे सगळे पीएसए तपासणीत लवकर सापडलेले रुग्ण होते. आपल्याकडे अनेक जण लघवी अडल्यावर किंवा कंबर दुखायला लागल्यावर येतात. पीएसए ४० इतका जास्त असलेल्या काकांना 'थांबलं तरी चालतं' असं या आकड्यावरून सांगणं धोक्याचं आहे.

सर्वांत जास्त फसगत 'कोरडं राहण्या'च्या, म्हणजे ऑपरेशननंतर लघवी न गळण्याच्या, आकड्यात होते. कुणी एकही पॅड न लागणाऱ्याला कोरडं म्हणतं, कुणी दिवसाला एक पॅड लावणाऱ्यालाही त्यातच धरतं. प्रोटेक्टमध्ये ऑपरेशननंतर ६ महिन्यांनी ४६ टक्के जण पॅड वापरत होते, ६ वर्षांनी १७ टक्के. म्हणून सर्जनना विचारा: किती महिन्यांनंतरचा आकडा? शून्य पॅड की एक? आणि तो तुमच्या स्वतःच्या रुग्णांचा की परदेशातला? लैंगिक क्षमतेचंही विचारा. प्रोटेक्टमध्ये संबंधांसाठी पुरेसा ताठरपणा आधी ६७ टक्क्यांना होता, ऑपरेशननंतर ६ महिन्यांनी १२ टक्क्यांना उरला. या बोलण्याला बायकोनंही बसावं. निर्णय दोघांच्या आयुष्याचा आहे.

पुण्यात रोबोटच्या मदतीनं केलेल्या ऑपरेशनच्या जाहिराती भरपूर आहेत. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये रोबोट आणि पोट उघडून केलेलं ऑपरेशन यांची तुलना झाली, तेव्हा २ वर्षांनी लघवी आणि लैंगिक क्षमतेत फरक दिसला नाही. रोबोटमध्ये रक्त कमी जातं, हे खरं. आमच्या मते यंत्रापेक्षा सर्जननं अशी किती ऑपरेशनं केली आहेत, हे आधी विचारावं.

ऑपरेशननंतर कॅथेटर (लघवीची नळी) साधारण १ ते २ आठवडे राहतो. तो निघाल्यावर गळती मोजायला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. कोरड्या पॅडचं आधी वजन करा. मग २४ तासांतले सगळे वापरलेले पॅड झाकणाच्या डब्यात ठेवून एकत्र तोला आणि कोरड्यांचं वजन वजा करा. १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली. तपासणीला जाताना 'बरं वाटतंय' यापेक्षा हा आकडा डॉक्टरांच्या जास्त उपयोगी पडतो. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून ऑपरेशनआधीच शिकून घ्या. बरेच जण ते स्नायू सोडून पोट आणि मांड्याच आवळतात, म्हणून गुण येत नाही.

ऑपरेशननंतर पहिला पीएसए ६ ते ८ आठवड्यांनी करा, आणि दर वेळी त्याच लॅबमध्ये. एकदा कोथरूडला, पुढे हडपसरला दुसऱ्याच मशीनवर केला तर छोटा फरक खरा की पद्धतीचा, हेच कळत नाही. दोनदा ०.२ किंवा त्याहून वर आला तर आजार परतल्याचं धरतात. अशा वेळी शेक पीएसए ०.५ च्या आत असताना दिला तर जास्त गुण येतो. त्यामुळे 'दिवाळीनंतर बघू' म्हणून पुढची वेळ ढकलू नका.