कमी ऑक्सिजनमधल्या पेशी: प्रयोगात या चुका टाळा

परळपासून कलिन्यापर्यंत हायपोक्सियावर (पेशींना ऑक्सिजन कमी पडण्यावर) काम करणाऱ्या विद्यार्थ्यांची एक तक्रार वारंवार कानावर येते: चेंबर १ टक्का ऑक्सिजन दाखवतोय, पण वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिन ओळखण्याच्या चाचणीत) हिफ-१ अल्फाचा, म्हणजे कमी ऑक्सिजनला पेशीचा प्रतिसाद घडवणाऱ्या प्रथिनाचा, बँडच नाही. अँटिबॉडीला दोष देण्याआधी प्लेट बाहेर काढल्यापासून लायसिस बफर (पेशी फोडणारं द्रावण) घालेपर्यंत किती वेळ गेला ते आठवा. केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९चं नोबेल ज्या यंत्रणेसाठी मिळालं, तीच इथे आड येते. ऑक्सिजन मिळताच प्रोलिल हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम हिफवर खूण करतं, व्हीएचएल हे प्रथिन ती ओळखतं आणि प्रोटिअसोम ही प्रथिनं तोडणारी यंत्रणा हिफचा फडशा पाडते. अर्धं प्रथिन संपायला पाचेक मिनिटं पुरतात. लायसिस चेंबरमध्येच करा. जमत नसेल तर प्लेट काढताक्षणी बर्फावर ठेवून गार बफर ओता. हिफचा आरएनए वाढला नाही म्हणूनही खचू नका. मुख्य नियंत्रण प्रथिन टिकण्यावर आहे. आरएनए पाहायचा तर हिफ चालू करतो त्या ग्लुट-१ किंवा पीडीके-१ या जनुकांचा पाहा.

ताज्या मीडियात (पेशी वाढवायच्या द्रवात) हवेतला ऑक्सिजन विरघळलेला असतो, तो निघायला कित्येक तास लागतात. मीडिया आदल्या रात्रीच चेंबरमध्ये ठेवा.

तुलनेसाठी नेहमीच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवलेल्या कंट्रोलला २१ टक्के ऑक्सिजन लिहू नका. मुंबईसारख्या समुद्रसपाटीवरच्या शहरातही ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि वाफ धरली तर इन्क्युबेटरमध्ये साधारण १८.६ टक्केच उरतो. शरीरातल्या बहुतेक पेशींना तर त्याहून कितीतरी कमी मिळतो, म्हणून ५ टक्क्यांचं एक कंट्रोल जरूर ठेवा.

चेंबरऐवजी कोबाल्ट क्लोराइड हे रसायन वापरण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळा. त्याने हिफ टिकतो हे खरं, पण मायटोकाँड्रियाला ऑक्सिजन मिळतच राहतो. चयापचयाचा प्रश्न विचारायचा असेल तर हा हायपोक्सिया नव्हे.

सगळ्यात मोठी चूक निष्कर्षात होते. लॅक्टेट वाढलं, म्हणजे श्वसन ऑक्सिजनअभावी बंद पडलं, असं सर्रास लिहिलं जातं. पण श्वसनात ऑक्सिजन वापरणारं एन्झाइम, सायटोक्रोम ऑक्सिडेज, फारच कमी ऑक्सिजनवरही चालतं. ग्लुकोजपासून बनलेलं पायरुव्हेट श्वसनाकडे नेणारं पायरुव्हेट डीहायड्रोजनेज पीडीके-१ अडवतं, आणि एलडीएचए हे एन्झाइम त्या पायरुव्हेटचं लॅक्टेट करतं. म्हणजे पेशी स्वतःच वाट बदलते. पीडीके रोखणारं डायक्लोरोअॅसिटेट देऊन ऑक्सिजनचा वापर मोजा. तो वाढला, तर ऑक्सिजन पुरेसा होता.

ग्लायकोलिसिसमधून (ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज तोडण्यातून) एका ग्लुकोजमागे जेमतेम २ एटीपी मिळतात, त्यामुळे पेशी ग्लुकोज झपाट्याने संपवतात. मीडिया पिवळा पडून पेशी मेल्या, तर आधी उरलेलं ग्लुकोज आणि पीएच मोजा; त्या उपासमारीने किंवा आम्लानेही मेल्या असतील.