एरंडोल–जळगाव रोजची ये-जा: पास काढू की तिकीट?

माझा हिशोब सरळ आहे. एसटीचा मासिक पास 20 दिवसांच्या भाड्यात मिळतो आणि 30 दिवस चालतो. म्हणजे महिन्यात वीसपेक्षा जास्त दिवस जाणार असाल तरच पास काढा. दिवाळीच्या महिन्यात तर मी काढतच नाही.

आमच्या ऑफिसातल्या बायकांना मी रोजचं तिकीटच काढायला सांगतो. मार्च 2023 पासून त्यांना अर्धं भाडं आहे, त्यामुळे 25 दिवसांचा खर्च साडेबारा दिवसांच्या पूर्ण भाड्याइतका होतो. पास कशाला? सवलतीची भरपाई सरकार महामंडळाला देतं, तेव्हा संकोच नको. नवापूरहून सुरतेकडे जाताना मात्र अर्धं भाडं राज्याच्या हद्दीपर्यंतच, पुढचं पूर्ण.

75 पूर्ण झालेल्यांना प्रवास फुकट, पण आधार दाखवून शून्य रकमेचं तिकीट मागून घ्यायचं. बारावीपर्यंतच्या मुलींना पासही फुकट. त्यासाठी पूर्वी शाळेचा दाखला घेऊन आगारात जूनमधल्या रांगेत उभं राहावं लागायचं; आता शाळेने यादी दिली की पास शाळेतच मिळतो.

काळी-पिवळीत यातलं काहीच चालत नाही. ती पटकन भरते, हे खरं.