घाटात कलणारी गाडी: आधी लिंक बदला, जाड स्वे बारचं मग बघू

ताम्हिणीच्या वळणांवर माझी हॅचबॅक होडीसारखी कलायची. जाड स्वे बार टाकायचाच, हे मी दोन वर्षं घोकत होतो. शेवटी एका रविवारी गाडीखाली सरकलो, तर स्वे बारला चाकाशी जोडणाऱ्या पुढच्या डाव्या लिंकचा बॉल हातानेच लटलटत होता. रबरी टोपी फाटलेली, आत ग्रीसऐवजी लाल माती. दोन्ही बाजूंना नव्या लिंक घातल्या आणि निम्मी तक्रार तिथेच मिटली. पैसेही एका टाकीच्या पेट्रोलपेक्षा कमीच गेले. म्हणून इथेही क्रम तोच ठेवलाय.

स्वे बार म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाची वाकवलेली सळई. गॅरेजात तिला स्टॅबिलायझर म्हणतात. तिचा मधला भाग दोन रबरी बुशांमधून गाडीच्या सांगाड्याला धरलेला असतो आणि दोन टोकं लिंक रॉडने चाकांच्या बाजूला जोडलेली असतात. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर बार बुशात नुसता फिरतो. एकच चाक वर गेलं की मात्र तो पिळला जातो, आणि त्या पिळाला विरोध करता करता गाडीला कलण्यापासून रोखतो. लिंक ढिली असेल तर बार कितीही जाड घाला, सुरुवातीचा पीळ त्या फटीतच वाया जातो.

दुखणं कुठे आहे ते आधी बघा

स्पीडब्रेकरवरून गाडी सरळ, दोन्ही चाकं एकदम चढतील अशी न्या. मग परत फिरून एकच चाक त्याच्या कडेवरून न्या. पहिल्या वेळी शांत आणि दुसऱ्या वेळी टकटक असेल, तर संशय लिंकवर किंवा बारच्या बुशवर घ्या. दोन्ही वेळा सारखाच आवाज आला तर आधी शॉकअप आणि स्ट्रटचं माउंट (शॉकअपचं वरचं टोक गाडीला धरणारी रबरी बैठक) तपासा. नंतर गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून, लिंक मुठीत धरून जोरात हलवा. चांगली लिंक हाताला कडक लागते. गेलेली असेल तर बोटांना बारीक टिचकी जाणवते.

लिंक बदलताना

हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा. ठोकळे नसतील तर दोन चांगले दगड चालतात. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग पुढच्या दोन्ही बाजू उचला आणि खाली स्टँड लावा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालायचा नाही, यात सवलत नाही. दोन्ही बाजू उचलायचं कारण सुरक्षेपलीकडचंही आहे. एकच चाक लटकत असलं तर बार पिळलेला राहतो आणि नवी लिंक काही केल्या भोकात बसत नाही. पहिल्यांदा करणारे इथेच अर्धा तास घालवतात आणि पार्ट चुकीचा आला म्हणून दुकानदाराला फोन लावतात.

नटाबाहेर दिसणारे आटे तारेच्या ब्रशने घासा, गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि चहा घेऊन या. कोकणातली गाडी असेल तर स्प्रे आदल्या रात्रीच मारलेला बरा. नट फिरवताना बॉलचा दांडाही त्याच्यासोबत फिरू लागतो, म्हणून दांड्याच्या टोकाला ॲलन कीची खाच दिलेली असते. की खाचेत धरून नट रिंग पान्याने सोडवा. खाचेतली माती आधी खिळ्याने उकरून काढा, नाहीतर की वरवरच बसते आणि खाच गोल होऊन जाते. झालीच गोल, तर रबरी टोपी फाडून मागून दांडा लॉकिंग पक्कडीत धरा. लिंक टाकूनच द्यायची आहे. शेवटचा उपाय हॅकसॉ ब्लेड. ग्राइंडर लावणार असाल तर ब्रेकचा होज, एबीएसची वायर आणि ॲक्सलचा बूट यांवर ओलं फडकं टाका.

जुनी आणि नवी लिंक शेजारी ठेवून लांबी जुळते का ते बघा. काही गाड्यांत डावी-उजवी वेगळी असते. नवा नट बोटांनी जाईल तेवढा फिरवा आणि मग पान्याने आवळा. शेवटचा आवळ टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना), तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यावरच द्या. आत नायलॉनची रिंग असलेले नट पुन्हा वापरू नका. आणि एकीकडची लिंक गेली असेल तरी दोन्ही बदला.

बारचे बुश तडकलेले दिसले तर तेही याच वेळी. रबरी बुशाला साधं ग्रीस लावू नका, रबर फुगतं. पॉलीयुरेथेनचे बुश घालणार असाल तर सोबत येणारं सिलिकॉन ग्रीस आतून सढळ हाताने लावा, नाहीतर पावसाळ्यानंतर किरकिर सुरू.

आता जाड बारचं गणित

आता पंधरा दिवस गाडी चालवा. अजूनही कलणं खुपत असेल तरच पुढे वाचा.

भरीव बारचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. बाकी मापं तीच ठेवून २० मिमीऐवजी २२ मिमीचा बार घातला, तर जाडी वाढते फक्त १०%, पण ताठरपणा ४६%. २४ मिमीला तो दुपटीच्याही वर जातो. ‘चारच मिमी तर जाड आहे’ म्हणणाऱ्याला हा हिशेब दाखवा. शिवाय बार दोन चाकांना एकमेकांशी बांधतो. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्यालाही धक्का बसतो, आणि आपल्या रस्त्यांवर ही किंमत रोज मोजावी लागते.

पुढे घालायचा की मागे? पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्या वळणात नाक बाहेर काढतात, म्हणजे स्टिअरिंग वळवलं त्यापेक्षा कमी वळतात. पुढचा बार जाड केला की ही खोड वाढते, मागचा केला की कमी होते. म्हणून सुरुवात मागून. शिवाय पुढचा बार बऱ्याच गाड्यांत सबफ्रेमच्या (पुढचं सस्पेंशन धरणारी खालची लोखंडी चौकट) वर असतो आणि तो काढायला सबफ्रेम खाली घ्यावी लागते. ते काम घरी करू नका.

मागेही सगळ्यांचं सारखं नसतं. स्विफ्ट, पोलो यांसारख्या गाड्यांत मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी आडवी तुळई असते. ती स्वतःच पिळते आणि बारचं काम करते. तिथे लिंक नसतात, जादा बार थेट बीमला बोल्टने जोडतात. २००६ ते २०१३ या काळात आपल्याकडे विकल्या गेलेल्या सिव्हिकसारख्या गाडीत मागची चाकं स्वतंत्र आहेत. तिथे जुना बार काढून जाड बार आणि लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या लिंक बसवता येतात.

अशा बारच्या टोकाला दोन-तीन भोकं असतात. सगळ्यात टोकाचं भोक मऊ, आतलं कडक. सुरुवात मऊ भोकावरच करा. एका बाजूची लिंक जोडा आणि गाडी चारही चाकांवर, सपाट जागी उभी करा. खाली हात जात नसेल तर चारही चाकांखाली सारख्या उंचीचे रॅम्प हवेत. ड्रायव्हरच्या सीटवर आपल्या वजनाची वाळूची पोती ठेवा. मी सासऱ्यांना पेपर देऊन बसवलं होतं. आता दुसरी लिंक फिरवत तिची लांबी अशी जुळवा की बोल्ट बोटाने सरकून आत जाईल. ठोकावा लागला तर बार आधीच पिळलेला आहे आणि गाडी डावी-उजवीकडे वेगवेगळी वळेल. जुळलं की लॉकनट आवळा.

पहिली चक्कर कोरड्या, मोकळ्या, ओळखीच्या रस्त्यावर. मागचा बार जाड झाला की वळणात मध्येच ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागची बाजू घसरू शकते, ओल्या रस्त्यावर तर जास्तच. घिसलेल्या टायरवर हा उद्योग करू नका, आणि विमा कंपनीला बदल कळवा. फक्त लिंक किंवा मागचा बार बदलला असेल तर व्हील अलाइनमेंटला पैसे घालवायची गरज नाही. सबफ्रेम उतरवली असेल तर मात्र करा.

१०० किमी झाले की सगळे नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. मी नटावरून बोल्टवर जाईल अशी पांढऱ्या रंगाची एक रेघ मारून ठेवतो. रेघ तुटली की नट फिरला. पुढची लिंक बघायला तर चाकही काढावं लागत नाही, स्टिअरिंग पूर्ण वळवून आत टॉर्च मारला की झालं.