फाईटच्या करारावर सही करण्याआधी काय बघायचं

एमएमएत (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं अशा झुंजीच्या खेळात) पैसे किती मिळणार असं विचारलं की जो तो एका फाईटचा आकडा सांगतो. माझं ठाम मत आहे की आकडा नंतर बघा, आधी करार संपतो कधी आणि संपल्यावर तुम्ही खरंच मोकळे होता का ते बघा, कारण दुसरं कोणी बोली लावूच शकत नसेल तर तुमचा भाव वाढणार कुठून?

यूएफसी या एमएमएच्या सगळ्यात मोठ्या अमेरिकी कंपनीतल्या फायटर्सचं भांडण नेमकं यावरूनच होतं. 2014 च्या डिसेंबरमध्ये कुंग ली या फायटरनं आणि बाकी काही जणांनी यूएफसीवर केस टाकली, म्हणणं असं की लांबलचक एक्सक्लुझिव्ह (दुसरीकडे खेळायचंच नाही अशा) करारांमुळे आमचा भाव दाबला गेला. अमेरिकेतल्या एनबीए (बास्केटबॉल), एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉल) खेळाडूंना लीगच्या कमाईतला साधारण निम्मा वाटा मिळतो, यूएफसीत तो 20 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी. जुलै 2024 मध्ये 33.5 कोटी डॉलरची तडजोड जजनी फेटाळली, मग 37.5 कोटींवर मिटलं आणि त्याला शेवटची मंजुरी मिळाली 2025 मध्ये. म्हणजे दहा वर्षं गेली, तोवर कितीतरी जणांचं करिअर संपलं.

आता आकड्याकडे या. यूएफसीत नव्या फायटरचा करार बऱ्याचदा '12 आणि 12' असा असायचा, म्हणजे फाईटला उतरायचे 12 हजार डॉलर आणि जिंकलात तर अजून 12. हिशोब करताना फक्त पहिले 12 धरा. अमेरिकेत फाईट असेल तर परदेशी फायटरचा 30 टक्के टॅक्स सहसा आधीच कापतात, ते 3,600 गेले, मॅनेजर आणि जिम मिळून 20 टक्के धरले तर 2,400 गेले, हातात राहिले 6,000. त्यातून कॅम्पचं (फाईटआधीच्या तयारीच्या काळातलं) जेवण, फिजिओ, स्पॅरिंग पार्टनर, एमआरआय, रक्ताच्या टेस्ट. आणि वर्षात दोनच फाईट मिळाल्या तर? म्हणून वर्षाला किमान किती फाईट देणार आणि नाही दिल्या तर किती पैसे देणार, हे लिहून घ्याच.

मग बाहेर पडायची कलमं वाचा. दुखापत झाली किंवा फाईट नाकारली तर मुदत आपोआप वाढते का, चॅम्पियन झालात तर करार पुढे ताणला जातो का, आणि संपल्यावर दुसऱ्याची ऑफर मॅच करायचा, म्हणजे तेवढेच पैसे देऊन तुम्हाला ठेवून घ्यायचा हक्क प्रमोटरकडे (फाईट भरवणाऱ्याकडे) राहतो का? फ्रान्सिस एन्गानू यूएफसीचा हेवीवेट चॅम्पियन असताना करार पूर्ण होईपर्यंत थांबला, 2023 मध्ये मोकळा झाला, पीएफएल या दुसऱ्या एमएमए कंपनीशी करार केला आणि त्याच वर्षी बॉक्सर टायसन फ्युरीसोबत बॉक्सिंगही खेळला. पण एवढं थांबायची ताकद आणि नाव सगळ्यांकडे नसतं.

आपल्याकडे करार भारतीय कायद्याखाली असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचं प्रकरण. त्याच्या जुन्या एजन्सीच्या करारात होतं की मुदत संपल्यावरही नवी ऑफर आली तर आधी आम्हाला विचारायचं, आणि 2006 मध्ये सुप्रीम कोर्टानं एजन्सीला मनाई हुकूम दिला नाही, मुदत संपल्यावर असं बांधून ठेवणं कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम 27 नुसार चालत नाही म्हणून. मुदत चालू असताना मात्र एक्सक्लुझिव्ह अट सहसा चालते, त्यामुळे मुदत लहान ठेवा, तीन वर्षांपेक्षा तीन फाईटचा करार बरा पण त्यालाही शेवटची तारीख टाका नाहीतर त्या तीन फाईट पाच वर्षं पुरवतील.

लोकल शोमध्ये तर तोंडी काहीच मान्य करू नका. समोरचा वजनात बसला नाही किंवा आदल्या दिवशी पळाला तरी उतरायचे पैसे मिळणार का, प्रवासाचं तिकीट आणि कॉर्नरचा (फाईटमध्ये तुमच्या बाजूला उभ्या कोच-मदतनीसांचा) खर्च कोणाचा, हात मोडला तर ऑपरेशनचा खर्च कोण करणार, पैसे किती दिवसांत, टीडीएस कापला तर सर्टिफिकेट कधी, हे सगळं कागदावर. निदान अर्धा ॲडव्हान्स मागा, लाजू नका, वजन तुम्ही उतरवताय. मॅनेजर प्रमोटरच्याच जवळचा असेल तर त्याच्यावर विसंबू नका, बाहेरच्या वकिलाला एकदा दाखवा आणि दोघांच्या सहीची प्रत फाईटच्या आधी स्वतःकडे घ्या.