मराठवाड्याच्या पावसावर पीएचडी करताय? मग या चुका टाळा

पीएचडीचे जवळजवळ सात महिने माझे एका तारखेच्या घोळात गेले म्हणून हे लिहितोय. विषय मराठवाड्याचा पाऊस, आठही जिल्हे, जून ते सप्टेंबर. एका बाजूला हवामान खात्याचा ०.२५ अंशाचा ग्रिड डेटा (नकाशावर चौकटी पाडून प्रत्येक चौकटीला पावसाचा एक आकडा), दुसऱ्या बाजूला ईआरए-५ (युरोपच्या हवामान केंद्राचा, मॉडेल आणि निरीक्षणं मिळून केलेला जगभराचा डेटा), आणि दोघांचं रोजच्या पावसाचं काही केल्या जुळंना. महिन्याची बेरीज बऱ्यापैकी जुळायची, रोजचं नाही. मला वाटलं ईआरए-५ ला आपल्याकडचा पाऊस पकडताच येत नाही आणि तसं मी रिपोर्टमधे लिहूनपण टाकलं.

सेलूला आमचे अण्णा शेतातला पाऊस मोजून वहीत लिहितात, फोनवर सहज विचारलं की सोळा तारखेला एवढा झालता का, तर म्हणले, "अरे तो पंधराच्या रात्रीचा, सोळाला सकाळी मोजला म्हणून सोळाला लिवला." तिथंच मला सापडलं. खात्याचंपण असंच असतं, सकाळी ८.३० ला मागच्या २४ तासांचा पाऊस मोजतात आणि तो त्याच दिवसाच्या तारखेला लावतात. ईआरए-५ मात्र तासातासाचा आणि यूटीसीमधे (जागतिक वेळ, आपल्या साडेपाच तास मागं), तिथं आपले साडेआठ म्हणजे ०३. मी यूटीसीच्या मध्यरात्रीपासून बेरीज करत होतो, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचपासून, आणि आपल्याकडं ढग दुपारनंतर जमून संध्याकाळी-रात्री कोसळतो, त्यामुळं बराचसा पाऊस एका डेटात आज आणि दुसऱ्यात उद्या. आदल्या दिवशीचे ०४ ते त्या दिवशीचे ०३ यूटीसी अशी २४ आकड्यांची बेरीज करा. शंका असली तर एक सिरीज एक दिवस पुढं सरकवून बघा, जुळणी एकदम सुधारली तर हाच घोळ समजा.

बाकीच्या चुका लवकर सापडतात. ईआरए-५ चा पाऊस मीटरमधे असतो, हजारनं गुणा. खात्याच्या फाईलमधे डेटा नाही तिथं -९९९ असतं, सरासरी उणे आली तर ते काढायचं राहिलंय. एका वर्षाची बायनरी फाईल वाचताना एरर आली तर आधी साईज बघा, १३५ गुणिले १२९ चौकटी, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे एका दिवसाला ६९,६६० बाइट, त्याला ३६५ नं (लीप वर्ष असलं तर ३६६ नं) गुणून जेवढे होतील तेवढे नसले तर डाउनलोड अर्धवट झालंय, कोडमागं लागू नका.

अक्षांशाचा क्रम मात्र एरर न देता फसवतो. खात्याचा ग्रिड दक्षिणेकडून ६.५ अंशांपासून सुरू होतो, ईआरए-५ उत्तरेकडून. उलटा वाचला की लातूर थेट राजस्थानात जातं आणि आकडे तरी खरे वाटतात, कारण कोरडेच दिसतात! आधी पूर्ण जुलैचा नकाशा काढा, सह्याद्रीची जाड पावसाची पट्टी पश्चिम किनाऱ्याला दिसली की मगच पुढं जा.

ट्रेंडचं, म्हणजे पाऊस वर्षागणिक वाढतोय की घटतोय याचं, पण सांगतो. १९७२ च्या दुष्काळापासून सुरुवात केली की रेघ वर झुकते, २०१५ ला थांबवली की खाली. डेटा १९०१ पासूनचा आहे, सुरुवातीचं आणि शेवटचं वर्ष बदलून बदलून बघा, आणि ट्रेंड टिकत नसेल तर तसं स्पष्ट लिहा.

आणि हे मला सगळ्यात मनापासून सांगायचंय. ६४.५ मिमीच्या वर पाऊस म्हणजे जोरदार, हा निकष पर्जन्यमापकाचा आहे. ग्रिडची एक चौकट साधारण २७ किलोमीटरची, तिच्यात बरीच गावं येतात, एका गावात ढगानं पाऊस ओतला आणि शेजारी कोरडं राहिलं तर सरासरीत तो पाऊस विरून जातो. ग्रिड बघून "इथं अतिवृष्टी झाली नाही" असं लिहू नका, महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाची नोंद वेगळी काढा, सोयाबीन वाहून गेलेल्या माणसाची भरपाई त्याच नोंदीवर अडकलेली असते.

अण्णांच्या वहीचे फोटो काढून मी आता एक्सेलमधे भरतोय. तारखेच्या शेजारी एक कॉलम ठेवलाय, "किती वाजता मोजला".