लांबच्या सायकल सफरीत ग्रुप एकत्र कसा ठेवावा: सकाळपासून मुक्कामापर्यंत

सराव झालाय, सायकली सर्व्हिस करून आणल्यात, तंबू आणि स्लीपिंग बॅग कॅरिअरवर चढल्यात, असं धरून चालतो. आठ-दहा जण आहेत आणि दिवसाला ७०-८० किलोमीटर जायचंय. अशा दिवसात चढाची धास्ती सगळ्यांना असते, पण दिवस बिघडतो तो ग्रुप फुटल्यामुळे. म्हणून बाकीचं थोडक्यात सांगतो आणि तेवढं एक नीट सांगतो.

सकाळी उठल्यापासून निघेपर्यंत दीड तास हाताशी ठेवा. एकट्याला पाऊण तास पुरतो, ग्रुपला पुरत नाही. तंबूचं वरचं कापड दवाने भिजलेलं असेल तर झटकून वेगळ्या पिशवीत, सामानाच्या सगळ्यात वर बांधा. दुपारच्या थांब्यावर उन्हात पसरलं की वाळतं. जड वस्तू पॅनियरमध्ये, म्हणजे कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकवलेल्या पिशव्यांमध्ये, तळाशी. ब्रेक आणि हवा बघा, आणि पट्ट्यांची लोंबती टोकं आत खोचा. असं एक टोक स्पोकमध्ये अडकलं की चाक जागेवर थांबतं.

पहिला तास इतका सावकाश चालवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल.

आता मुख्य गोष्ट. ‘सगळ्यांनी एकत्रच चालवा’ हा सल्ला जो तो देतो आणि तो सपशेल चुकीचा आहे. प्रत्येकाची चढावरची लय वेगळी असते. जोरकस माणसाला मुद्दाम हळू चालवायला लावलं तर तो वैतागतो, आणि मागचा कुणाला आपली वाट बघायला लागू नये म्हणून ताकदीबाहेर पेडल मारत राहतो. दुपारी त्याच्या पायात गोळे येतात आणि मग सगळा ग्रुप त्याच्यापाशी थांबतो. मलाही हे गणित बराच काळ सुटत नव्हतं. उत्तर असं, की चालवा आपापल्या लयीत, पण थांबा ठरलेल्या जागी.

दोन माणसं आधी ठरवा. पुढे लीडर आणि सगळ्यांच्या मागे स्वीप. स्वीपच्या मागे कुणीही, कुठल्याही कारणाने राहायचं नाही. फोटो काढायला थांबलात तरी स्वीप तुमच्याबरोबर थांबेल. पंप, जोडसामान आणि प्रथमोपचाराची पेटी स्वीपकडे द्या, लीडरकडे नको. पंक्चर झालेला माणूस मागे पडतो. पंप चार किलोमीटर पुढे गेला असेल तर त्याचा उपयोग शून्य.

वळणाचा नियम याहून महत्त्वाचा. रस्ता जिथे फुटतो तिथे लीडरच्या मागचा पहिला सायकलस्वार थांबतो आणि स्वीप दिसेपर्यंत जागा सोडत नाही. पुढच्या फाट्यावर त्या वेळी लीडरच्या मागे जो असेल तो. ‘मोबाइलवर मॅप आहे की’ म्हणून हा नियम मोडू देऊ नका. फाट्यावर रेंज नसते, बॅटरी संपलेली असते, किंवा मान खाली घालून चालवणारा माणूस सरळ निघून जातो. ग्रुप फुटतो तो बहुतेक वेळा फाट्यावरच.

आणि थांबा मोजायचा तो स्वीप आल्यापासून. हे फार कमी ग्रुप पाळतात. पुढचे पोचतात, पाय पसरतात, पाणी पितात. शेवटचा येऊन हेल्मेट काढतो तोवर हे उठून हातमोजे चढवायला लागलेले असतात. ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही, आणि दर थांब्यागणिक तो आणखी मागे पडतो. त्याला दहा मिनिटं मिळालीच पाहिजेत. ‘चल, थोडंच राहिलंय’ असं त्याला म्हणू नका; किती किलोमीटर राहिलेत आणि चढ किती आहे ते सांगा.

पुढच्याच्या चाकाला चिकटून वारा चुकवा, हा सल्ला शर्यतीतला आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३५ किलोमीटरला आडोशाचा जो फायदा होतो, तो सामान लादून ताशी १५ ने जाताना फारसा उरत नाही. उलट लादलेली सायकल थांबायला जास्त अंतर घेते आणि पुढचा खड्डा दिसत नाही. समोरून जोराचा वारा असेल तरच ओळीत या, तेही एक सायकलभर अंतर राखून. उतारावर तर कितीतरी जास्त अंतर ठेवा.

पंक्चर झालं तर स्वीप आणि आणखी एक जण थांबेल, बाकीच्यांनी पुढच्या सुरक्षित जागेपर्यंत जावं. रस्त्याकडेला दहा जणांनी गोळा होऊन सल्ले देऊ नयेत. टायरच्या आतून बोटं हळू फिरवून काटा शोधा, नवी ट्यूब घाला आणि निघा. पॅच संध्याकाळी.

भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या.

मुक्कामाची जागा सूर्यास्ताच्या दोन तास आधी गाठा. कोरडा ओढा, वाळक्या फांद्यांचं झाड आणि अगदी खोलगट जागा टाळा. थंड हवा रात्री खाली उतरून साचते. तंबूचं दार वाऱ्याकडे नको.

जेवणाआधी चेन पुसून तेल द्या, ट्यूबना पॅच मारा. मग सगळ्यांना बसवून उद्याचे फाटे आणि थांबे प्रत्येकाला कागदावर लिहून घ्यायला लावा, आणि उद्याचा स्वीप बदला. रोज एकाच माणसाला मागे ठेवू नका. जो आज सगळ्यात पुढे होता त्याला उद्या स्वीप करा. शेवटच्याचा दिवस कसा जातो हे त्याला समजतं आणि परवापासून थांब्यावर तो घाई करत नाही.